चिठ्ठी परत आली पाहिजे : शुगर-बीपीच्या रुग्णाला व्यायामाच्या गटाकडे पाठवताना

सोलापूरच्या पूर्व भागात माझा दवाखाना आहे. लूमवर (यंत्रमागावर) उभं राहून काम करणारे, घरी विड्या वळणाऱ्या बायका, रिक्षावाले, टॉवेल-चादरीच्या दुकानांतली माणसं, असे माझे रुग्ण. त्यांना मी वर्षानुवर्षं एकच वाक्य सांगत आलो, "रोज अर्धा तास चालत जा." समोरचा मान डोलावायचा, गोळ्यांची चिठ्ठी खिशात घालायचा आणि तीन महिन्यांनी तीच शुगर घेऊन परत यायचा. "चालता का?" म्हटलं की "चालतो की डॉक्टर." कुठं, किती वाजता, कुणाबरोबर, असं विचारलं की गप्प.

गोळी देताना मी असं कधी केलं नाही. "जरा मेटफॉर्मिन घेत जा" असं कुठलाच डॉक्टर म्हणत नाही. नाव, मात्रा, वेळ, किती दिवस, पुन्हा कधी दाखवायचं, सगळं लिहून देतो. व्यायामाच्या बाबतीत मात्र आपण नुसतं तोंडी बोलून मोकळे होतो.

२०११ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात टाईप २ मधुमेहाच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता. कुणाच्या तरी देखरेखीखाली, ठरवून, नियमित व्यायाम केलेल्या रुग्णांची तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) सुमारे ०.६७ टक्के-अंकांनी उतरली. आठवड्याला १५० मिनिटांपेक्षा जास्त व्यायाम करणाऱ्यांत ती घट ०.८९ होती. नुसता 'व्यायाम करा' हा सल्ला मिळालेल्यांत फरक दिसला तो आहाराचा सल्लाही सोबत होता तेव्हाच. म्हणजे माझं ते वाक्य इतकी वर्षं जवळपास वाया गेलं होतं.

हा लेख माझ्यासारख्या गल्लीतल्या दवाखान्यात बसणाऱ्या डॉक्टरांसाठी, नागरी आरोग्य केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी आणि उपकेंद्रांवरच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांसाठी आहे. योग वर्ग, हास्य क्लब, चालण्याचा गट चालवणाऱ्यांनीही वाचावा, कारण निम्मं काम त्यांच्याकडे आहे. न्यूझीलंडमध्ये १९९८ पासून डॉक्टर 'हिरवी चिठ्ठी' देतात. व्यायाम कागदावर लिहून द्यायचा आणि नंतर तिथल्या क्रीडा संस्थेतल्या माणसाने रुग्णाला फोन करून विचारपूस करायची, अशी ती पद्धत. मला त्यातला फोन सर्वांत मोलाचा वाटतो. आपल्याकडे तशी यंत्रणा तयार नाही, पण कागद, फोन आणि ओळखीची माणसं आहेत. तेवढ्यावर काम होतं.

आधी स्वतः जाऊन या

ज्या गटाकडे रुग्ण पाठवायचा, तिथं एकदा तरी सकाळी सहाला स्वतः उभं राहा. ही पायरी टाळू नका. सिद्धेश्वर तलावाचा काठ, पार्क मैदान, विजापूर रोडवरचं वनविहार, जुळे सोलापुरातल्या बागा, ज्येष्ठ नागरिक संघांच्या जागा, समाजमंदिरांतले योग वर्ग, आयुष्मान आरोग्य मंदिरांत होणारी योगाची सत्रं, अशी एक यादी करा. त्यांतले तीन-चार गट निवडा. दहा गटांची नावं ठाऊक असण्यापेक्षा तिघांची चांगली ओळख असलेली बरी.

तिथं गेल्यावर बघायच्या गोष्टी साध्या आहेत. जमीन सपाट आहे का? पहाटे उजेड असतो का? दमल्यावर टेकायला कट्टा आहे का? बायकांसाठी स्वच्छतागृह आहे का? शेवटचा प्रश्न किरकोळ समजू नका. पाण्याच्या गोळ्या (लघवी वाढवणाऱ्या) घेणारी किंवा शुगर वाढलेली बाई दर तासाला लघवीला जाते. सोय नसेल तर ती पाणी प्यायचं सोडते आणि मग चक्कर येऊन पडते. शिवाय दवाखान्यापासून किंवा घरापासून गट किती लांब आहे तेही बघा. रिक्षा करून जावं लागलं तर महिनाभरात माणूस गळतो. चालत दहा-पंधरा मिनिटांत पोचता येईल असाच गट सुचवा.

मग गटप्रमुखांशी बोला. मी त्यांना एक ठरलेला प्रश्न विचारतो, "एखादी मावशी मध्येच खाली बसली, तर तुम्ही काय करता?" "जाऊन विचारतो, पाणी देतो, घरी कोण आहे ते बघतो" असं उत्तर आलं तर पुढं बोलणं. "उठवतो, हळूहळू सवय होते" असं कुणी म्हणालं, की माझे हृदयाचे आणि शुगरचे रुग्ण तिथं जात नाहीत. आणि "माझ्याकडं सहा महिने आला की गोळ्या बंद करतो" असं जिथं सांगितलं जातं, तिथं कुणालाही पाठवू नका, गट कितीही नावाजलेला असला तरी. इन्सुलिन बंद करून बेशुद्धावस्थेत आणलेला रुग्ण एकदा पाहिलेला डॉक्टर या बाबतीत तडजोड करणार नाही.

फी किती तेही विचारा. महिन्याला पाचशे रुपये माझ्या रुग्णांपैकी अनेकांना परवडत नाहीत आणि ते तोंडावर कधी सांगत नाहीत, नुसतं जायचं थांबवतात.

कुणाला पाठवायचं

सगळ्यांना पाठवायची गरज नसते. ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकापासून अशा योजना चालल्या. तिथल्या 'नाईस' या सरकारी सल्लागार संस्थेने २०१४ मध्ये सांगितलं, की ज्याला कुठलाच आजार नाही, फक्त बैठेपणा आहे, त्याच्यासाठी अशा योजनेवर खर्च करू नका, त्याला थोडक्यात सल्ला द्या. ज्यांना आजार आहे आणि एकट्याने सुरुवात करायची भीती वाटते, त्यांच्यासाठी ही चिठ्ठी आहे.

ओळखायला दोन प्रश्न पुरतात. आठवड्यातले किती दिवस दम वाढेल असं चालता किंवा व्यायाम करता? त्या दिवशी साधारण किती मिनिटं? दोन्हींचा गुणाकार करून केसपेपरवर बीपीच्या शेजारी लिहा. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांची आहे, तीत जुनाट आजार असलेली प्रौढ माणसंही धरलेली आहेत. आकडा शून्य किंवा तीस-चाळीस आला, सोबत शुगर, बीपी, गुडघेदुखी, स्थिर असलेला हृदयविकार किंवा जुना दम्यासारखा आजार असला, की हा तुमचा माणूस. कंपाउंडरला किंवा सिस्टरला हे दोन प्रश्न शिकवा, डॉक्टरचा वेळही जात नाही.

इथं सोलापुरात एक उत्तर हमखास येतं. "डॉक्टर, दहा-बारा तास लूमवर उभा असतो. अजून कसला व्यायाम?" हे उत्तर झटकून टाकू नका. तो माणूस खरंच थकलेला असतो. मी त्याला सांगतो, उभं राहून पोटऱ्या भरतात, पाय सुजतात, पण छाती-हृदयाला सलग दहा मिनिटं काम मिळत नाही. लूमवर दोन पावलं इकडं, दोन तिकडं, एवढंच होतं. विड्या वळणाऱ्या बाईचं याच्या उलट असतं. ती मांडी घालून सुपासमोर तासन् तास वाकलेली असते, तिची कंबर आणि मांड्यांचे स्नायू दुबळे होतात. लूमवाल्याला मी चालण्याच्या गटाकडे पाठवतो. विडी कामगार बाईला आधी उठ-बस, पाठ-मांड्यांचे व्यायाम असलेल्या वर्गाकडे, चालणं नंतर. दोघांना एकच चिठ्ठी दिली तर दोघांचंही नुकसान होतं.

पाठवण्याआधीची दहा मिनिटं

घाई इथं करू नका. बहुतेकांना हळूहळू चालायला लागण्यापूर्वी मोठ्या तपासण्या लागत नाहीत. पण काहींना आधी थांबवावंच लागतं.

छाती. चालताना छाती आवळते, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ जाते, थोड्याशा चढावर अलीकडे जास्तच धाप लागते, बेशुद्ध होऊन पडल्याचं सांगतात, अशा कुणालाही गटाकडे पाठवू नका. आधी ईसीजी आणि हृदयरोगतज्ज्ञ. नुकताच ॲटॅक येऊन गेलेला, अँजिओप्लास्टी किंवा बायपास झालेला रुग्णही आधी तज्ज्ञाकडेच, त्यांनी हिरवा कंदील दाखवल्यावर गटाकडे. पाय सुजून रात्री झोपेत धाप लागत असेल तर व्यायामाचा विषयच पुढे ढकला.

बीपी. बसून, पाच मिनिटं शांत ठेवून मोजा. १८०/११० किंवा त्याहून वर असेल तर आधी औषधं नीट करा. उभं करून पुन्हा मोजा, विशेषतः वयस्कर आणि जुन्या शुगरच्या रुग्णांत. वरचा आकडा २० ने किंवा जास्त पडला तर वाकून पटकन उठायचे व्यायाम चिठ्ठीत वगळा.

पाय. चप्पल-बूट काढायला सांगा, बोटांमधली जागा बघा, मोनोफिलामेंटने (स्पर्श तपासायच्या नायलॉनच्या तंतूने) किंवा निदान बोटाने स्पर्श तपासा. जखम, फोड, भेग किंवा लाल झालेला भाग असेल तर चालण्याचा गट बंद, खुर्चीवरचे व्यायाम चालतील. संवेदना गेलेल्या रुग्णाला सोलापुरात एक वेगळाच धोका आहे. एप्रिल-मेमध्ये देवळाच्या फरशीवर अनवाणी गेलेल्या रुग्णाच्या तळव्याला भाजल्याचे फोड मी पाहिलेत, त्याला ते कळलेसुद्धा नव्हते. अशांना एमसीआर (मऊ रबराची) चप्पल लिहून द्या, आणि "गवतावर अनवाणी चाला, डोळ्यांना चांगलं" हा लोकप्रिय सल्ला त्यांच्यासाठी नाही, हे स्पष्ट सांगा.

डोळे. शुगरचा पडद्यावर परिणाम होऊन तिथं नव्या नाजूक रक्तवाहिन्या तयार झाल्या असतील, तर डोकं खाली करायची आसनं, श्वास कोंडून जोर लावणं, वजन उचलणं टाळायचं. काचबिंदूच्या रुग्णालाही शीर्षासन-सर्वांगासन नको. वर्षभरात डोळ्यांचा पडदा तपासलेला नसेल तर ती चिठ्ठीही सोबत द्या.

योग वर्गाकडे पाठवताना अजून एक गोष्ट लिहावी लागते. आयुष मंत्रालयाच्या सामायिक योग अभ्यासक्रमातच म्हटलंय, की हृदयविकार, वाढलेलं बीपी, चक्कर असलेल्यांनी कपालभाती टाळावी. वर्गात शंभर जण मोठ्याने कपालभाती करत असताना एकट्याने थांबायला माणसाला संकोच वाटतो. चिठ्ठीत लिहिलं असेल तर शिक्षक स्वतःच त्याला सांगतात, "काका, तुम्ही शांत बसून श्वास बघा."

गुडघे. इथं उलट चूक होते, आपण फार घाबरवतो. झिजलेल्या गुडघ्यांना व्यायाम हाच पहिला उपचार आहे. मांडीचा पुढचा स्नायू बळकट झाला की गुडघ्यावरचा भार कमी होतो. व्यायामाने थोडं दुखलं आणि चोवीस तासांत पूर्वीइतकं उतरलं तर चालेल. दुसऱ्या दिवशीही दुखणं वाढलेलं असेल, सूज आली असेल, तर मात्रा अर्धी करा, बंद करू नका. वज्रासन, खोल उकिडवं बसणं तेवढं वगळा.

गोळीची वेळ

हा भाग मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. साठीच्या एका रुग्णाला मी सकाळी चालायला सांगितलं. तो ग्लिमेपिराइड (साखर खाली आणणारी गोळी) घेत होता. गोळी 'जेवणाआधी' घ्यायची एवढंच त्याला ठाऊक. पहाटे साडेपाचला उठून त्याने गोळी घेतली, उपाशीपोटी तलावाला तीन फेऱ्या मारल्या, मग कट्ट्यावर मित्रांशी गप्पा मारत बसला. घरी नाष्ट्याला साडेआठ. त्याआधीच घामाने भिजून, अडखळत बोलत तो खाली कोसळला. सोबतच्या एकाने चहाच्या टपरीवरून साखर आणून तोंडात घातली म्हणून निभावलं. मी चालायला सांगितलं होतं, गोळी केव्हा घ्यायची ते मात्र विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून चिठ्ठी देण्याआधी औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करून बघतो. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर धोकादायक खाली जाणं दुर्मीळ. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन असेल तर पुढचं नीट समजावून सांगा, घरच्यांसमोर सांगा:

सकाळच्या व्यायामाला जाणाऱ्याने ती गोळी किंवा इन्सुलिन परत आल्यावर, नाष्ट्याच्या ताटावर बसताना घ्यायचं. मांडीत इन्सुलिन टोचून लगेच चालायला निघायचं नाही, तिथून ते झपाट्याने शोषलं जातं. घरी मशीन असेल तर निघण्याआधी साखर बघायची, ९० च्या खाली असेल तर केळं किंवा अर्धी भाकरी खाऊन निघायचं. खिशात साखरेच्या पुड्या किंवा ग्लुकोज पावडर कायम. थरथर, घाम, अंधारी आली की थांबून तीन चहाचे चमचे साखर, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालायचं नाही, सरळ १०८. आणि जास्त व्यायाम झालेल्या दिवशी साखर रात्रीही खाली जाऊ शकते, हे इन्सुलिनवाल्यांना आवर्जून सांगा.

बीपी-हृदयासाठी मेटोप्रोलॉल किंवा अटेनोलॉल चालू असलेल्यांत धडधड आणि थरथर ही लक्षणं झाकली जातात, घाम मात्र येतो. त्यांच्या नाडीच्या आकड्यावरून व्यायामाचा जोर ठरवता येत नाही. पाण्याच्या गोळ्या आणि लघवीवाटे साखर काढणारी डापाग्लिफ्लोझिनसारखी औषधं उन्हाळ्यात शरीरातलं पाणी कमी करतात, त्यांच्याबद्दल पुढे लिहितो. महिन्या-दोन महिन्यांत व्यायाम अंगवळणी पडला की शुगर-बीपीच्या गोळ्या कमी कराव्या लागू शकतात. ते तुम्ही करायचं, रुग्णाने किंवा गटप्रमुखांनी नाही.

चिठ्ठीत काय लिहायचं

एका पानाची, मोठ्या अक्षरात, मराठीत. पूर्व भागात घरी तेलुगू बोलणारे बरेच, कुठं कानडी, कुठं उर्दू. पण मराठी वाचता येणारं घरात कुणीतरी असतंच, आणि गटप्रमुखांना तर ती वाचायचीच असते. माझी चिठ्ठी साधारण अशी असते:

"गटप्रमुखांस नमस्कार. या ताईंचं वय ५४. शुगर आणि बीपी आहे, दोन्ही सध्या नियंत्रणात. डाव्या गुडघ्याची झीज. आठवड्यातून पाच दिवस यावं. पहिले दोन आठवडे १० मिनिटं सपाटीवर चालणं आणि ५ मिनिटं खुर्चीवरचे पायांचे व्यायाम. पुढे दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवावीत, ३० मिनिटांपर्यंत. चालताना बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये, इतकाच वेग. टाळावं : कपालभाती, वज्रासन, उड्या. शुगर कमी होण्याची गोळी आहे, खिशात साखर ठेवतात. छातीत आवळणं, चक्कर, विचित्र धाप लागल्यास थांबवून मला फोन करावा, गंभीर असल्यास १०८. महिन्यानं खालचा भाग भरून यांच्याच हाती परत द्यावा."

खालच्या भागात तीनच रकाने असतात : किती दिवस आल्या, कशाचा त्रास झाला, तुम्हाला काय वाटतं. तिसरा रकाना मी मुद्दाम ठेवला. कुणी लिहितं, "चालताना सारखं डाव्या बाजूला झुकतात." कुणी लिहितं, "गप्प असतात, रडतात." दवाखान्यात पाच मिनिटांत मला जे कधीच दिसलं नसतं, ते तिथं रोज भेटणाऱ्या माणसाला दिसतं.

आजाराची माहिती गटापुढं उघड होणार, तेव्हा चिठ्ठीवर काय लिहितोय हे रुग्णाला वाचून दाखवा आणि विचारा. व्यायामासाठी गरजेचं तेवढंच लिहा. मनाच्या आजाराच्या गोळ्या, जुना टीबी, घरातली भांडणं यांचा चिठ्ठीत उल्लेख नको. सोलापूर तसं मोठं शहर, पण पेठा लहान आहेत, बोलणं पसरतं.

चिठ्ठी दिल्यावर थांबू नका. रुग्ण समोर असतानाच गटप्रमुखांना फोन लावा आणि दोघांना बोलायला द्या. "उद्या या मावशी येतील, निळी साडी, हातात पिशवी, बघा जरा." एवढ्याने पहिल्या दिवशी पोचणाऱ्यांची संख्या वाढते, हा माझा अनुभव आहे. अनोळखी गटात एकट्याने शिरण्याची भीती गुडघ्यापेक्षा मोठी असते.

गटप्रमुखांसाठी

तुम्ही डॉक्टर व्हायची गरज नाही. पहिल्या दिवशी नव्या माणसाला मागच्या रांगेत उभं करू नका. जुन्या, शांत स्वभावाच्या सदस्याशी त्याची जोडी लावून द्या. पाच-सात मिनिटं हातपाय मोकळे केल्याशिवाय वेग वाढवू नका आणि शेवटी एकदम थांबवू नका, हळूहळू मंद करत आणा. बीपीच्या गोळ्या घेणारा माणूस अचानक थांबला की रक्त पायांत साचतं, डोळ्यांपुढं अंधारी येते. ताकदीचे व्यायाम आठवड्यातून दोनदा तरी असावेत : खुर्चीवरून हात न टेकता उठणं, भिंतीला हात लावून दंड, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं. पासष्टीच्या पुढच्यांना तोल सांभाळायचे व्यायाम आठवड्यातून तीनदा, भिंतीजवळ उभं करून. श्वास कोंडू देऊ नका, मोठ्याने मोजायला लावा, मोजताना श्वास आपोआप चालू राहतो.

ताप, जुलाब, अंग मोडून आलेलं असेल तर त्या दिवशी सुट्टी. जुना दमा असलेल्यांनी पंप जवळ ठेवावा, आणि बोटाला लावायचं ऑक्सिमीटर असेल तर ८८ च्या खाली आल्यास थांबवा. सगळ्यांचे घरचे नंबर एका वहीत, वही पिशवीत, पिशवीत साखर आणि पाणी. एकमेकांत ताकद आजमावायची स्पर्धा लावू नका. गड्ड्याच्या म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजाचे उंच, जड खांब पेलणारे आधी सराव करतात आणि मगच यात्रेत उचलतात, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. रुग्णाला मी हेच उदाहरण देतो आणि त्याला ते लगेच पटतं.

ऊन, कामाची पाळी, उपास

मार्च संपला की वेळ बदला. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळीसच्या पार जातो. सात वाजता व्यायाम संपलेला असावा, नाहीतर संध्याकाळी सूर्य कलल्यावर, तेही फरशी-डांबर थंड झाल्यावर. पाण्याच्या गोळ्या किंवा डापाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांना उन्हाळ्याच्या सुरुवातीला एकदा बोलावून बीपी बघा, मात्रा कमी करावी लागते का ठरवा. "उन्हात मीठ-साखरेचं पाणी प्या" हा सरसकट सल्ला बीपी-शुगरच्या माणसाला देऊ नका, साधं पाणी पुरतं. हृदय किंवा किडनीमुळे पाणी मोजून प्यायला सांगितलंय, त्याला आकडा तुम्हीच लिहून द्या.

रात्रपाळीच्या कामगाराला पहाटेचा गट कामाचा नाही. तो तेव्हा झोपायला जातो. त्याच्यासाठी संध्याकाळचा गट शोधा किंवा जेवणानंतरचं पंधरा मिनिटांचं चालणं लिहा. जेवणानंतर चालल्याने चढणारी साखर आटोक्यात राहते, आणि त्याला ते जमतंही. विडी कामगार बायकांना सकाळी घरकाम, मग कारखान्याच्या शाखेत विड्या द्यायला जायचं असतं. दुपारी चारच्या सुमाराला गल्लीतल्याच समाजमंदिरात किंवा कुणाच्या तरी ओसरीवर आठ-दहा जणी जमतात. असा गट नसेल तर आशाताईंना विचारा, त्यांना कुणाच्या घरात कोण आहे ते माहीत असतं आणि त्यांचं बोलणं अक्का-अम्मा ऐकतात.

रमजानमध्ये रोजे करणाऱ्या रुग्णाने दुपारी-संध्याकाळी उपाशी व्यायाम करायचा नाही, इफ्तारनंतर तास-दोन तासांनी हलकं चालावं. गोळ्यांची वेळ रमजानच्या आधीच बसून ठरवा. एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्रातले उपास करणाऱ्यांनाही हेच लागू, फक्त ते उपासाबद्दल आपणहून सांगत नाहीत, विचारावं लागतं.

परतीचा हिशेब

पहिल्या भेटीत तीन गोष्टी मोजून ठेवा : बीपी, कंबरेचा घेर आणि तीस सेकंदांत हात छातीवर बांधून खुर्चीवरून किती वेळा पूर्ण उठता येतं. साठ ते चौसष्ट वयाच्या पुरुषाने १४ आणि बाईने १२ वेळा उठावं, असा एक प्रचलित मापदंड आहे. त्यापेक्षा रुग्णाचा स्वतःचा आकडा पुढच्या वेळी किती वाढला हे जास्त महत्त्वाचं. दमेकरी आणि हृदयाच्या रुग्णांसाठी सहा मिनिटांत किती मीटर चालतात ते मोजता आलं तर उत्तम. तीस मीटर सरळ जागा लागते, दवाखान्यात नसेल तर शाळेचा व्हरांडा चालतो. साधारण तीस मीटरची वाढ म्हणजे खरा फरक.

वजनावर फार भर देऊ नका. व्यायामाने वजन लवकर हलत नाही, आणि काट्याकडं बघून माणूस निराश होतो. "जिना चढताना आता थांबावं लागत नाही" हे वाक्य केसपेपरवर जसंच्या तसं लिहून ठेवा, पुढच्या भेटीत वाचून दाखवा.

दोन आठवड्यांनी फोन. मी सिस्टरकडून करवतो, दिवसाला तीन-चार फोन होतात. प्रश्न एकच, "गेलात का, आणि काय आडवं आलं?" आडवं येणाऱ्या गोष्टी ठरलेल्या असतात. चप्पल चावते. सून कामाला जाते, नातवाला कोण बघणार. गटातल्या बायका वेगळ्या वाटतात. पहाटे गल्लीतली कुत्री मागं लागतात. यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय निघतो : वेळ बदलणं, दुसरा गट, शेजारणीला सोबत जोडून देणं, हातात काठी. सहा आठवड्यांनी पुन्हा फोन, बारा आठवड्यांनी दवाखान्यात. तेव्हा तिन्ही मोजमापं, एचबीए१सी आणि गोळ्यांचा फेरविचार. नियमित व्यायामाने बीपीचा वरचा आकडा साधारण पाच ते सात ने उतरू शकतो. एका गोळीएवढा हा परिणाम आहे, रुग्णाला तो आकडा दाखवा.

चिठ्ठी परत आली नाही, म्हणजे रुग्ण आळशी आहे असं धरू नका. गट बंद पडलेला असू शकतो, गटप्रमुख गावी गेलेले असू शकतात. मी महिन्यातून एकदा वहीतल्या नावांपुढं परत आलेल्या चिठ्ठ्यांवर खूण करतो. एकाच गटाच्या चिठ्ठ्या सलग येईनाशा झाल्या की पुन्हा एकदा सकाळी तिथं जाऊन येतो.

आणि मध्येच तुटलेला रुग्ण परत येतो तेव्हा ओरडू नका. लेकीच्या बाळंतपणाला गेलेली, लग्नसराईत अडकलेली, डेंगीने महिनाभर झोपलेली बाई "लाज वाटते डॉक्टर, आता कसं जाऊ" म्हणते. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खंड पडला असेल तर आधीच्या निम्म्या वेळेपासून सुरुवात लिहा. आजारपणानंतर असेल तर छाती, बीपी आणि पाय पुन्हा तपासा. मग नवी चिठ्ठी, नवी तारीख, आणि तिच्यासमोरच गटप्रमुखांना फोन.